मधमाश्यांना आधी कळलं

आक्का,

तू गेल्याची बातमी तुझ्या मधमाश्यांना माझ्याआधी कळली. डोरीननं, तुझ्या शेजारच्या त्या ऐंशीच्या म्हातारीनं, सकाळी तुझ्या घराची किल्ली घेतली, परसातल्या लाकडी पेटीवर ती तीनदा वाजवली आणि आतल्या माश्यांना सांगितलं की तुमची मालकीण गेली. मग पेटीला काळी फीत बांधली. मग घरी जाऊन स्वतःसाठी चहा केला. हे सगळं झाल्यावर तुझ्या मुलानं मला फोन केला. मी तेव्हा आपल्या म्हाताऱ्या बापाच्या, अण्णांच्या, खिचडीवर तूप घालत होते.

"मावशी, आई गेली."

"कशानं?" मी विचारलं. तो म्हणाला, "तुला आईनं सांगितलं नव्हतं?"

नाही, मला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना माहीत होतं, तुझ्या मुलाला माहीत होतं, डोरीनला माहीत होतं. पत्रं टाकायला येणारी ती लाल गालांची बाईसुद्धा तुझ्याकडं पाहून का उसासे टाकायची ते मला आता कळतंय. आणि मधमाश्यांना माहीत होतं, कारण त्यांना तू स्वतः सांगितलं होतंस. मी एवढी सख्खी बहीण, मेमध्ये येऊन पाच आठवडे तुझ्या घरात राहिले, तुझ्या ताटात जेवले, तुझे केस विंचरले, आणि मला काही म्हणजे काही सांगितलं नाहीस. माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चांगलं बोलावं म्हणतात. बोलेन सावकाश. आधी मला रागावू दे.

शपथ कुणी घ्यायला लावली होती, आठवतं का? मी नाही, तू. तू तिकडं जाऊन दोनच वर्षं झाली होती, नर्सिंगची शेवटची परीक्षा तोंडावर होती आणि इकडं आई अंथरुणाला खिळली. आईनंच बजावलं, थोरलीला कळवू नका, ती परीक्षा टाकून येईल. मी एकवीस वर्षांची. मी तुला पत्र लिहिलं, आई बरी आहे, अंगणात कुरडया घालते आहे. ते पत्र तुला मिळालं तेव्हा आई जाऊन चार दिवस झाले होते. तेरावं उरकल्यावर तू आपल्या गावी पिशोरला आलीस, पायरीवर बसलीस, आणि दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी मला हाताला धरून खुलताबादला नेलंस, भद्रा मारुतीपुढं उभं केलंस आणि म्हणालीस, "म्हन. आजपासून आपुन दोघी एकमेकींपासून काय बी लपवनार नाय. मरन बी नाय."

मी म्हटलं. तूही म्हटलंस. आता कधीकधी वाटतं, तो मारुती निजलेला आहे, त्याला आपलं बोलणं ऐकूच गेलं नसेल. पण मला ऐकू गेलं होतं. पुढं माझं ऑपरेशन झालं तेव्हा भूल द्यायच्या आधी मी तुला फोन केला. नवऱ्याशी भांडून मी चार दिवस, मी शिकवायचे त्या शाळेतल्या एका बाईंकडं जाऊन राहिले, ते या शहरात कुणालाही माहीत नाही, तुला माहीत होतं. मी माझी बाजू अशी पाळली.

यंदा एप्रिलमध्ये तुझा फोन आला, "सुमे, ये की एकदा. फुलं लई येत्यात मेमध्ये." तीस वर्षांत असं कधी बोलावलं नव्हतंस. मी म्हटलं, अण्णांकडं कोण बघेल? तर तू म्हणालीस, "अण्णांशी बोल्ले मी. ते जा म्हनत्यात." मला त्याचंही काही वाटलं नाही. मी आयुष्यभर पोरांच्या चेहऱ्यावरून ओळखत आले की यानं गृहपाठ केलेला नाही. सख्ख्या बहिणीच्या चेहऱ्यावरून मात्र मला काही ओळखता आलं नाही.

किती सुंदर होतं गं तुझं गाव. हे तुला तिथं असताना मी नीट सांगितलंच नाही, कारण तू परदेशाचं कौतुक सुरू केलंस की मला उगाच आपली दौलताबादची सीताफळं आठवायची आणि आपण वाद घालायचो. आता सांगते. दगडावर दगड रचून केलेले ते बांध, चुना नाही की माती नाही, तरी शंभर वर्षं उभे. रात्री जेवायची वेळ झाली तरी न मावळणारं ऊन. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी आणि त्यांच्या खालून पळणारी मेंढीची पिल्लं. बसस्टॉपवरचं बाकडं दर सोमवारी साबणानं धुणारा तो म्हातारा, ज्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी रोज सकाळी फिरून यायचे आणि तुला एकेक सांगायचे, तू कपाळावर हात ठेवून ऐकत बसायचीस. मला वाटायचं, उन्हामुळं हात ठेवतेस.

आणि त्यांच्या त्या समजुती! मला वाटायचं, गोरी माणसं, सगळं विज्ञानानं चालत असेल. डोरीननं पहिल्याच दिवशी माझा तो समज घालवला. कुंपणावर एक काळापांढरा पक्षी एकटाच बसला होता, तर म्हातारीनं काठी खाली ठेवून त्याला सलाम केला आणि विचारलं, काय साहेब, तुमची बायको कशी आहे? एकटा दिसला की अशुभ, म्हणून त्याला बायकोची आठवण करून द्यायची, म्हणजे तो जोडीनं असल्यासारखा होतो. मला इतकं हसू आलं. दुसऱ्या दिवसापासून मीही त्याला राम राम घालायला लागले. तिच्या दाराला घोड्याची नाल होती, आपल्या पिशोरच्या उंबऱ्याला होती तशीच, फक्त उलटी ठोकलेली. त्यावरून तुझं आणि डोरीनचं वीस वर्षांचं भांडण चालू होतं, नालेची तोंडं वर हवीत की खाली. मला पंच नेमलंत. मी आपल्या आईच्या बाजूनं निकाल दिला आणि डोरीननं दोन दिवस मला केक दिला नाही.

आता त्या फुलांचं.

तुझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर देव होते. आईचा बाळकृष्ण, अन्नपूर्णा. देवाला ताजं फूल हवं, ही माझी जुनी खोड. शाळेत जातानासुद्धा मी लोकांच्या कुंपणातून कण्हेर तोडत असे. तिथं रस्त्याच्या कडेनं सगळी कुंपणं पांढऱ्या फुलांनी लगडलेली, काट्यांची झुडपं, हॉथॉर्न म्हणतात ते. मी काट्यांनी ओरखडून घेत ओंजळभर फांद्या तोडून आणल्या, देवापुढं ठेवल्या, उरलेल्या टेबलावर पाण्यात ठेवल्या. किती छान दिसत होतं. तेवढ्यात डोरीन अंडी घेऊन आली, दारातच थबकली आणि तिचा चेहरा पडला. अंडी तशीच पायरीवर ठेवून ती आत आली, ती सगळी फुलं उचलली आणि बाहेर नेऊन टाकली. देवापुढचीसुद्धा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या देवाला हात लावणारी ही कोण? मी तुझ्यावर ओरडले, तू तिला काही बोलत का नाहीस म्हणून. तू खुर्चीवर बसून होतीस. म्हणालीस, "जाऊ दे, सुमे. ती फुलं घरात आनली की घरात मरन येतं म्हनत्यात ह्ये लोक. येडेपना असतो." आणि हसलीस. मग म्हणालीस, "आलं तर येऊ दे, चहा पाजू त्याला." मीसुद्धा हसले. आक्का, मी हसले. आणि दुपारी परत चार फांद्या आणून देवापुढं ठेवल्या, मुद्दाम, त्या म्हातारीला दाखवायला. त्या तू तशाच राहू दिल्यास.

तुझा आजार माझ्या फुलांच्या कितीतरी आधीचा, हे मला आता माहीत आहे. मी सुशिक्षित बाई आहे. तरी रोज सकाळी देवापुढं फूल ठेवताना हात अडतो. मला आधी सांगितलं असतंस तर मी ती फुलं आणलीच नसती ना गं? एवढं तरी माझ्या वाट्याला आलं नसतं.

दुसरं भांडण झऱ्यावरचं. टेकडीखाली तो झरा होता आणि त्यावर वाकलेलं झाड, फांद्याफांद्यांना चिंध्या बांधलेल्या. मला वाटलं, खुलताबादच्या दर्ग्याच्या जाळीपुढंच उभी आहे, आई आपल्याला घेऊन जायची आणि धागा बांधायची तिथं. तू सांगितलंस, चिंधी पाण्यात भिजवायची, दुखतं तिथं लावायची आणि झाडाला बांधायची. चिंधी कुजत जाईल तसं दुखणं जातं. मग तू पिशवीतून आईचं लुगडं काढलंस. हिरव्या किनारीचं, तू जाताना आईनं तुला पांघरायला दिलेलं. आणि माझ्यासमोर टर्रकन त्याची एक पट्टी फाडलीस.

"आईच्या लुगड्याची चिंधी केलीस?" मी किंचाळलेच.

"कंबर धरलीये माझी."

"मग तेल लाव! लुगडं कशाला फाडतेस? आईचं एकच लुगडं उरलं होतं!"

"आईचंच काम करू राहिलं ते," तू म्हणालीस आणि कोट उघडून ती ओली पट्टी पोटाला लावलीस. कंबरेला नाही, पोटाला. मी पाहिलं. पण मी तेव्हा लुगड्याच्या रागात होते आणि तुझ्याकडं पाठ करून उभी राहिले. पूर्ण वाट आपण बोललो नाही. घरी आल्यावर मी उरलेलं लुगडं घडी करून माझ्या बॅगेत टाकलं, न विचारता. ते इथं आहे, माझ्या कपाटात. तुला कळलं होतं का? त्याविषयी आपलं बोलणं व्हायचं राहून गेलं.

आणि त्या मधमाश्या. परसाच्या टोकाला एक पेटी, निळ्या रंगाची. डोरीननं तुला शिकवलं होतं की घरात जे काही घडेल ते मधमाश्यांना सांगायचं असतं. जन्म, लग्न, पाहुणा, मरण. नाही सांगितलं तर त्यांना अपमान वाटतो आणि त्या घर सोडून जातात. तू रोज सकाळी चहाचा कप घेऊन जायचीस आणि पेटीजवळच्या स्टुलावर बसून पुटपुटायचीस. मी स्वयंपाकघराच्या दारात, लगतच्या शेगडीवर दूध तापवत उभी. मोजून दहा पावलं. शब्द कळायचे नाहीत, पण मराठीत बोलतेस एवढं कळायचं.

"काय सांगतेस गं त्यांना एवढं?"

"तुझ्या चुगल्या करते."

"सांग सांग. त्यांना कुठं मराठी येतं!"

"येतं. तुझ्यापेक्षा बरं येतं."

मी यायला निघाले त्या दिवशी तू दारापर्यंत आलीस. "जाते" म्हणू नये, "येते" म्हणावं, हे तू मला लहानपणी शिकवलेलं. मी म्हटलं, "येते, आक्का." तू माझी ओटी भरलीस, तांदळाऐवजी तिथले ओट्स आणि नारळाऐवजी संत्रं, आणि आपण दोघी पोट धरधरून हसलो. गाडी वळली तेव्हा मी मागं पाहिलं तर तू दारात नव्हतीस. डोरीननं नंतर सांगितलं, तू सरळ पेटीकडं गेली होतीस.

मग सप्टेंबर, आणि तो फोन.

मी अण्णांना सांगितलं नाही. हो, मी. आधी तुझ्या नावानं बोटं मोडली आणि लगेच तेच केलं. सगळ्यांनी सांगितलं, पंच्याऐंशीचं वय, छाती कमजोर, थोरलीवर जीव. कशाला? दर रविवारी चार वाजता अण्णा फोनजवळच्या खुर्चीत येऊन बसायचे. मी म्हणायचे, तिकडची लाइन खराब आहे. ते म्हणायचे, "बरं." अण्णा कधी वाद घालत नाहीत, तुला ठाऊक आहे. निजामी संपली त्या पोलीस अॅक्शनच्या वर्षी ते चौथीत होते, उर्दू शाळेत, आणि त्या वर्षी घरातल्या मोठ्यांनी पोरांपासून काय काय लपवलं ते ते आजही मोजून सांगतात, पण कुणाला दोष देत नाहीत.

तुझ्या अस्थी तिकडंच राहिल्या. इथं दहाव्याला तुझ्या नावानं कायगाव टोक्याला नदीवर माझ्या मुलानं पिंड ठेवला. अण्णांना आम्ही सांगितलं, नेवाशाकडं एक लग्न आहे, जाऊन येतो. त्यांनी डोळे मिटूनच सांगितलं, "वाटेत गंगा लागंल. माझा बी नमस्कार सांगा." पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. मागं सरायलाही वेळ दिला नाही. गुरुजी म्हणाले, तृप्त जीव, काही इच्छा उरली नव्हती. सगळ्यांना बरं वाटलं. मला संताप आला. तुझं काही उरलं नव्हतं? माझ्यापाशी सांगायचं एवढं सगळं टाकून गेलीस आणि तुझं काही उरलं नव्हतं?

दसऱ्यानंतरच्या रविवारी दुपारी चारलाच फोन वाजला. अण्णा खुर्चीत होते. पलीकडं डोरीन. म्हातारीचं इंग्रजी मला निम्मंच कळतं, म्हणून मी आवाज मोठा ठेवला. ती पेटीजवळ उभी होती. म्हणाली, मधमाश्या बेचैन आहेत. ऊन पडलं की बाहेर येतात आणि घोंघावत राहतात, तुझ्या स्टुलाभोवती. "मी सांगितलं त्यांना. पण मी माझ्या भाषेत सांगितलं. ती त्यांच्याशी नेहमी तुमच्या भाषेत बोलायची. त्यांना माझं कळलेलं नाही. मी फोन पेटीजवळ धरते, तू सांग. नाहीतर त्या जातील."

मला काय वाटलं सांगू? वाटलं, जाऊ देत. मला कुणी सांगितलं होतं, की मी या किड्यांना सांगू? आणि सांगणार कसं? समोर अण्णा. "नंतर," मी म्हटलं, "नंतर, डोरीन."

"कोन हाये?" अण्णांनी विचारलं.

"डोरीन. आक्काची शेजारीण."

"काय म्हनती?"

"काही नाही. आक्काच्या मधमाश्या बेचैन आहेत म्हणे. त्यांच्याशी बोल म्हणते. वेडी आहे."

"मंग बोल की."

"काय बोलू, अण्णा?"

अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि परत घातला. "म्हनावं, तुमची मालकीन गेली. आता तिची वाट पाहू नका."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पितृपक्षात कुनाचं लगन लावता गं तुमी?" अण्णा म्हणाले. "नेवाशाला. पितृपक्षात. एवढी मास्तरीन तू, अन् तुला खोटं बी धड बोलता येत नाय."

मला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. अण्णा खुर्चीतून उठले नाहीत. जागेवरूनच बोलत राहिले. "आजार व्हता हे ठाऊक व्हतं मला. होळीच्या आधी तिनंच इत्तला देली. मी म्हनलं, धाकलीला सांग. तर म्हनली, नको अण्णा. इथं समदे माझ्याशी हळू आवाजात बोलू राहिले. डॉक्टर हळू, पोरगं हळू, शेजारीन हळू. सुमी आली अन् तिला कळलं, तर ती बी हळूच बोलंल. मला एक तरी मानूस वरडनारं पायजे."

"आणि शपथ?"

"ते बी म्हनलो मी. तर म्हनली, कुरडयाचं पत्र मी माफ केलं म्हनावं, मंग ती हे माफ करंल."

नाही केलेलं. ऐकतेस ना? मी ते माफ केलेलं नाही. तुला ओरडणारं माणूस हवं होतं म्हणून तू मला आंधळी करून पाच आठवडे तुझ्या घरात नाचवलंस. मी तुझ्याशी लुगड्यावरून अबोला धरला, ज्यांनी मरण येतं त्या फुलांनी तुझं टेबल सजवलं, आणि तुला ते गोड वाटलं. तुला माझी मजा हवी होती, मला तुझी सेवा करायची होती. निवड तू एकटीनं केलीस. आणि अण्णा. मी त्यांना जपतेय असं समजत होते, आणि तो म्हातारा महिनाभर एकटाच आतल्या आत लेकीचं दुःख करत होता, का, तर मला सांगणं जड जातंय म्हणून. आपल्या घरात सगळे एकमेकांना जपतात आणि शेवटी जो तो एकटा पडतो. तुझ्या त्या माश्यांचं बरं. त्यांना सांगावंच लागतं.

फोनमधून डोरीन हॅलो हॅलो करत होती. अण्णांनी हातानं खूण केली, बोल. मी म्हटलं, धर पेटीजवळ. मग ती घोंघों ऐकू आली. आपल्या गावच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा चालू झाला की यायचा तसा आवाज.

"आक्का गेली," मी म्हटलं. या घरात ते वाक्य पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं गेलं. अण्णांनी मान खाली घातली. मग माझं तोंड थांबेना. "तुमची मालकीण गेली. मला न सांगता गेली. शपथ मोडून गेली. आईचं लुगडं फाडलं तिनं, ठाऊक आहे का तुम्हाला? मला फुलं आणू दिली. मला हसू दिलं." चांगली दहा मिनिटं बोलले मी, ओरडले, समोरच्या घरातल्या वहिनी गॅलरीत आल्या. अण्णा रडत होते आणि मधेच मान डोलावत होते, व्हय, व्हय, सांग.

थांबले तेव्हा डोरीननं फोन कानाला लावला. मग म्हणाली, "आता कळलं असेल त्यांना. आवाज तिच्यासारखाच आहे तुझा. तीही अशीच बोलायची त्यांच्याशी, रागावून, हातवारे करत, कधी रडत. मला एकच शब्द कळायचा त्यातला."

"कुठला?"

"तुझं नाव. रोज तुझं नाव घेऊन सुरुवात करायची. आधी सुमी, आणि मग बाकीचं सगळं."

म्हणजे तू सांगत होतीस. होळीपासून रोज सकाळी स्टुलावर बसून, माझं नाव घेऊन, मलाच सांगत होतीस. मे महिन्यात तर मी तिथंच होते, दारात, दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्याकडं बघत.

दहा पावलं होती गं, आक्का.